उस्तादांना चरित्र, बँडवाल्याला बिदागी

मराठीत संगीतावरच्या पुस्तकांना तोटा नाही. कुठलाही दिवाळी अंक उघडा, एखाद्या गायकाच्या आठवणी त्यात असतातच. या लेखनात मुसलमान कलावंतांनाही मानाचं पान आहे, असं आपल्याला सांगितलं जातं. ते खोटं नाही. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांचं चरित्र त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी १९७२ साली लिहिलं. अल्लादिया खाँसाहेबांबद्दल गोविंदराव टेंब्यांनी लिहिलं. या लेखकांचे आपल्यावर उपकार आहेत.

माझी तक्रार वेगळी आहे. हे मानाचं पान उस्तादापाशी सुरू होतं आणि उस्तादापाशीच संपतं. मैफलीच्या गादीवरून खाली उतरलं की कव्वाल, शाहीर, बँडमास्तर, ताशेवाला भेटतात. त्यांच्यासाठी मराठी लेखकाची शाई वाळलेली असते.

आमचं खापा हे कन्हानच्या काठचं विणकरांचं गाव. ताजुद्दीन बाबांचं वास्तव्य लाभलेलं वाकी याच सावनेर तालुक्यात. इथल्या माणसाने आयुष्यभर कोणतं संगीत ऐकलं? लग्नसराईतला बँड, उर्सातली कव्वाली, भीमजयंतीचा कार्यक्रम, भजनाची दिंडी. ख्यालाची मैफल त्याच्या वाट्याला क्वचितच आली. मग या माणसाच्या कानांचा इतिहास कोणत्या पुस्तकात शोधायचा?

भारतातल्या लग्नाच्या बँडवर एक अख्खं पुस्तक आहे, ‘ब्रास बाजा’. ते २००५ साली इंग्रजीत आलं. लेखक ग्रेगरी बूथ तेव्हा न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात शिकवत होते. बँडची दुकानं, हंगामापुरते गाव सोडून शहरात येणारे वादक, मालक आणि वादक यांच्यातला व्यवहार, हे सगळं त्यांनी वादकांशी बोलून लिहिलं. या धंद्यात मुसलमान मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्या बरोबरीने दलित जातींतले वादकही आहेत. आपल्या गल्लीत राहणाऱ्या माणसाची कहाणी ऐकायला ऑकलंडहून पाहुणा यावा लागला. यात पाहुण्याचं कौतुक आहे, पण यजमानाची शोभा नाही.

‘बँडवाले काय, सिनेमाची गाणी वाजवतात, त्यात कला कुठली?’ असं विचारणारे आहेत. रेकॉर्डवरचं शंभर वाद्यांचं गाणं बारा-पंधरा जणांत वाटून घ्यायचं, नोटेशन न वाचता कानाने बसवायचं आणि उन्हात चालता चालता वाजवायचं. याला कला म्हणायचं नसेल तर निदान मेहनत तरी म्हणा. मेहनतीचीही चरित्रं असतात.

नागपूरचंच आणखी एक उदाहरण घ्या. दर्ग्यातली कव्वाली या शहरात आंबेडकरी मंचावर गेली. नागोराव पाटणकरांसारख्या कव्वालांनी त्याच टाळीवर, त्याच ठेक्यावर बाबासाहेब गायले. एका समाजाने जपलेला गायनप्रकार दुसऱ्या समाजाने आपल्या मुक्तीसाठी वापरला, ही महाराष्ट्राच्या संगीतातली केवढी मोठी घटना! ती कॅसेटींमध्ये आहे, म्हाताऱ्यांच्या आठवणीत आहे. संगीताच्या मराठी ग्रंथांत मात्र तिला घराण्यांच्या तंट्याएवढीही जागा नाही.

आता शाहिरांकडे या. बार्शीत १९१६ साली जन्मलेला मेहबूब हुसेन पटेल बसवर क्लीनर होता, गिरणीत कामगार होता. पुढे तो शाहीर अमर शेख झाला. अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांचं लाल बावटा कलापथक १९४४ साली उभं राहिलं. आजच्या भाषेत तो त्या काळचा सर्वांत लोकप्रिय बँड होता. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा या आवाजांनी भरल्या. १९६९च्या जुलैत अण्णा भाऊ गेले आणि ऑगस्टमध्ये अमर शेख अपघातात गेले. दर १ मेला आपण त्यांची आठवण काढतो ती कशी? ‘मुसलमान असूनही महाराष्ट्रासाठी गायले.’ या ‘असूनही’मध्ये माणूस मरतो. क्लीनरची नोकरी, पक्षातले वाद, सभेनंतरचं घर हे सगळं गळून पडतं आणि उरतो ऐक्याचा फलक. फलकाला भूक लागत नाही, राग येत नाही, म्हणून तो सगळ्यांना सोयीचा वाटतो.

अमर शेखांच्या घरातलं वास्तव वाचायचं तर त्यांची मुलगी मल्लिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे १९८४ सालचं आत्मकथन उघडावं लागतं. ते मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या संसाराबद्दल आहे, पण हारतुरे न घालता माणूस कसा लिहायचा, हे त्यातून शिकता येतं.

दोष फक्त बहुसंख्याकांच्या पदरात टाकून मोकळं होता येणार नाही. आपल्याकडे काय चालतं? वरातीला बँड हवा, उर्साला कव्वाल हवा, पण सोयरीक जमवताना ‘बाजेवाल्याचं घर’ नको. शिकलेला नातू आजोबांची क्लॅरिनेट माळ्यावर टाकतो आणि विचारलं तर ‘आजोबा धंदा करायचे’ एवढंच सांगतो. संगीत जायज की नाजायज, हा वाद उलेमांमध्ये शतकानुशतकं चालू आहे आणि चिश्ती सूफींनी समाची बाजू कधी सोडली नाही. तो वाद इथे मिटवायची गरज नाही. पण ज्याच्या वाजवण्यावर आपण नाचलो, त्याचं नाव घ्यायला लाजणं कोणत्या शरियतमध्ये बसतं?

‘ते लोक लिहीत नाहीत, मग पुस्तक कसं होणार?’ ही सबबही टिकत नाही. अल्लादिया खाँसाहेबांनी आपली जीवनकथा नातू अझीझुद्दीन खाँ यांना सांगितली, त्यांनी ती उतरवून घेतली आणि तिचं पुस्तक झालं. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’सुद्धा सांगितलेलंच आहे. सांगणारे आजही आहेत. कमी आहेत ते ऐकणारे. डीजेने बँडची सुपारी पळवली आणि जुने वादक एकेक करून घरी बसले. त्यांच्याबरोबर जे जाईल ते नंतर कुठल्याही विद्यापीठाला सापडणार नाही.

म्हणून आपल्या मोहल्ल्यातल्या पदवीधरांना माझं थेट सांगणं आहे. खिशात फोन आहे, त्यात रेकॉर्डर आहे. वाद्य कुणी शिकवलं, पहिली बिदागी किती मिळाली, पावसाळ्यात चूल कशी पेटायची, कोणत्या वरातीत अपमान झाला, वाद्य गहाण कधी टाकलं, हे विचारा आणि मराठीत लिहा. आजोबांना संत करू नका, ऐक्याचं प्रतीकही करू नका. नाव, गाव, साल आणि हिशेब घाला. प्रकाशक नाही मिळाला तर झेरॉक्स काढून वाटा, पण या लग्नसराईच्या आत सुरुवात करा.