गांजा, तराजू आणि न्याय

हैदराबादहून नागपूरकडे येणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. ४४ पैनगंगा ओलांडून पिंपळखुटीजवळ यवतमाळ जिल्ह्यात शिरतो आणि पांढरकवड्यावरून उत्तरेकडे जातो. याच वाटेने कापूस जातो, सिमेंट जाते, संत्री जातात आणि मालाच्या पोत्यांखाली दडवून गांजाही जातो. आंध्र-ओडिशा सीमेवरील डोंगरी मुलखात पिकणारा हा गांजा कोणत्या प्रमाणात महाराष्ट्रात उतरतो, याची कल्पना नोव्हेंबर २०२१ मध्ये आली. पैनगंगेपलीकडच्या नांदेड जिल्ह्यात, नायगाव तालुक्यात, केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण विभागाने एका मालमोटारीतून ११०० किलोहून अधिक गांजा पकडला. तो विशाखापट्टणमच्या बाजूने निघून जळगावकडे चालला होता.

अशा धाडीचे छायाचित्र वृत्तपत्रांत ठळकपणे येते. परंतु जिल्हा न्यायालयांत जे खटले वर्षानुवर्षे चालतात, त्यांतले आरोपी बहुधा मालमोटारीचे धनी नसतात. कोणी भाड्यावर आणलेला चालक असतो, कोणी बसस्थानकावर पिशवीसह सापडलेला तरुण असतो, तर कोणी कपाशी-तुरीच्या ओळीत चार झाडे लावलेला कोरडवाहू शेतकरी असतो. या तिघांना एकाच मापाने मोजावयाचे काय, हा खरा प्रश्न आहे.

कायद्याचे उत्तर वजनात आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २० नुसार एक किलोहून कमी गांजा म्हणजे अल्प प्रमाण. त्यासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एक किलोपासून वीस किलोपर्यंत दहा वर्षांपर्यंत कारावास व एक लाखापर्यंत दंड. वीस किलोहून अधिक म्हणजे व्यापारी प्रमाण, तेथे दहा वर्षांची शिक्षा किमान ठरते व ती वीस वर्षांपर्यंत जाऊ शकते. शिवाय कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ दुरापास्त होतो. येथे एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात नसते. मूळ कायद्यात गांजासाठी, मग तो कितीही असो, पाच वर्षांपर्यंतची शिक्षा होती. शिक्षा तर्कसंगत करण्यासाठी म्हणून २००१ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने किरकोळ आरोपीला दिलासा दिला खरा, पण दोन-चार किलोवाल्याची कमाल शिक्षा दुप्पट झाली!

वजनावर इतके काही अवलंबून असेल, तर निदान तराजू तरी निर्दोष हवा. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारी शेंडे. शेंड्यांची सोबत नसेल तर बी व पाने यांत मोडत नाहीत. प्रत्यक्षात मात्र शेतातून उपटलेली झाडे मुळांसह, देठांसह आणि कधी ओल्या मातीसह काट्यावर चढतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका जामीन प्रकरणात या व्याख्येवर बोट ठेवले, ते उगीच नव्हे. नमुने दंडाधिकाऱ्यांसमक्ष घ्यावेत असे कलम ५२अ सांगते, सर्वोच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये ते बजावले. तरीही जागेवरच पुड्या बांधण्याची सवय सुटत नाही. परिणामी होते काय? गरीब आरोपी तीन-चार वर्षे कच्चा कैदी म्हणून कारागृहात काढतो, आणि ज्याला चांगला वकील परवडतो तो पंचनाम्यातील याच त्रुटींवर निर्दोष सुटतो. हलगर्जी तपास हा आरोपीवर अन्याय असतो हे तर खरेच, पण धंदेवाल्यासाठी ती पर्वणी असते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. शिक्षेत तारतम्य हवे असे म्हटले की काही मंडळी लगेच म्हणतात, मग गांजा मोकळाच करा. जर्मनीने २०२४ मध्ये केलाच ना! थायलंडने २०२२ मध्ये दारे उघडली आणि २०२५ मध्ये पुन्हा निर्बंध आणले, हे ते सांगत नाहीत. दुसरा एक वर्ग साधूंच्या चिलमीचा आणि महाशिवरात्रीच्या भांगेचा दाखला देतो. पानांची भांग कायद्याने गांजात धरलेलीच नाही, म्हणून तो दाखला येथे गैरलागू आहे. आणि सर्वसंगपरित्याग केलेल्या बैराग्याच्या धुनीशी, आईने कर्ज काढून यवतमाळला शिकायला पाठविलेल्या मुलाच्या खोलीचे नाते जोडणे, हा धर्माचाही उपमर्द आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे १ कोटी ३० लाख भारतीय गांजा-चरस ओढतात असे आढळले. नापिकीने आणि कर्जाने आधीच पोळलेल्या या जिल्ह्यातील घरांना व्यसन काय करते, हे दारूने पुरेसे दाखविले आहे. दारूबंदीसाठी येथील स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, त्या काही हौसेने नव्हे.

म्हणून मालमोटारीच्या धन्याला दया नको. पण तो सापडतो किती वेळा? चालकाला अटक झाली की तपास संपला असे मानण्याची रीत पडली आहे. माल कोणी भरला, पैसे कोणी पाठविले, जळगावात तो कोण उतरवून घेणार होता, हे शोधण्यासाठी कलम २९ चा कट आणि कलम २७अ चा वित्तपुरवठा हाताशी असताना आरोपपत्रात बहुधा चालकाचेच नाव राहते. त्याला दहा वर्षे झाली की पुढच्या आठवड्यात दुसरा चालक मिळतो. विदर्भात बेकारांची वाण नाही.

एक ते वीस किलोच्या मधल्या पट्ट्यात कायद्याने किमान शिक्षा ठेवलेली नाही, म्हणजेच न्यायाधीशांच्या विवेकावर विश्वास टाकला आहे. तो विवेक वापरला जावा यासाठी आरोपीचे वय, पूर्वेतिहास, घरची स्थिती, साखळीतील त्याचे स्थान हे सारे न्यायालयापुढे यावे लागते. दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेबाबत म्हणणे मांडण्याची संधी असते. तेथे ‘घरात मीच कर्ता, दया करावी’ एवढे एकच वाक्य नोंदले जाते. मोफत विधिसाहाय्य देणाऱ्या वकिलाने गावाहून ग्रामसेवकाचा दाखला, सातबारा, वैद्यकीय कागद मागविले, असे किती खटल्यांत घडत असेल?

व्यसनाधीन मुलासाठी तर कायद्यानेच वाट काढून ठेवली आहे. अल्प प्रमाणासह सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचार घेऊ इच्छीत असेल, तर कलम ६४अ त्याला खटल्यापासून संरक्षण देते. दोषी ठरल्यावरही कलम ३९ खाली न्यायालय त्याला लगेच कारावास न देता, त्याच्या संमतीने, शासकीय किंवा शासनमान्य रुग्णालयात उपचारासाठी बंधपत्रावर सोडू शकते, आणि एक वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल मागवू शकते. यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण झरी-जामणी किंवा उमरखेडच्या बापाला हे कोण सांगणार? मुलाला पकडल्याचे कळताच तो आधी शेत गहाण टाकतो, मग वकील शोधतो.

गावासाठीही कायद्यात दोन कलमे आहेत. आपल्या जमिनीवर गांजाची बेकायदा लागवड होत असल्यास ती तत्काळ कळविणे कलम ४६ प्रमाणे जमीनधारकाचे कर्तव्य आहे. कलम ४७ प्रमाणे सरपंच, पंच व ग्रामाधिकारी यांनाही माहिती कळताच ती देणे बंधनकारक आहे. ग्रामसभेत हे दोन परिच्छेद वाचून दाखविण्यास दहा मिनिटे पुरतात. खरीप पेरणीपूर्वीची ग्रामसभा त्यासाठी सोयीची, कारण तुरीच्या ओळीत काय पेरावयाचे हे तेव्हाच ठरत असते.