इट्राकोनाझोल घेताय? आधी बाकीच्या गोळ्या दाखवा

"डॉक्टर, महिनाभर कॅप्सूल घेतली, तरी गजकर्ण हटत नाही." असं सांगणाऱ्या पेशंटला मी आधी विचारतो, अ‍ॅसिडिटीची गोळी रोज घेता का? बऱ्याचदा उत्तर 'हो' असतं. ती गोळी आता लोकांना औषध वाटतच नाही, त्यामुळे आपणहून कोणी सांगत नाही.

इट्राकोनाझोलची साधी कॅप्सूल विरघळायला पोटात आम्ल लागतं. म्हणून ती भरपेट जेवल्यावर लगेच घ्यायची. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल तेच आम्ल कमी करतात. मग औषध रक्तात पुरेसं पोचत नाही. तुम्ही म्हणता, औषध लागू पडलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची. हे औषध यकृतातलं एक एन्झाइम अडवतं. कोलेस्टेरॉलसाठीची सिम्वास्टॅटिन त्याच एन्झाइमवर अवलंबून असते. दोन्ही एकत्र घेतल्या तर सिम्वास्टॅटिन रक्तात साठते आणि स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. हार्ट फेल्युअर असलेल्यांनी त्वचेच्या किंवा नखांच्या बुरशीसाठी हे औषध घेऊच नये. गरोदर असाल तर तेही आधी सांगा.

म्हणूनच शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून ही कॅप्सूल आणणं मला अजिबात पटत नाही. गजकर्ण दोघांचं सारखं असेल, हृदय आणि यकृत सारखं नसतं.

कॅप्सूल चालू असताना पाय सुजले, दम लागला, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर ती थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. येताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणा, अ‍ॅसिडिटीचीसुद्धा.