आधी उजेडाचे बोला

महामार्गावर नंबर प्लेट वाचून ई-चलान निघते, अंगणवाडीत घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा पडताळला जातो, कचेरीतली हजेरीही चेहऱ्यावर लागते. यातले काही चुकले की दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारला जातो आणि नव्या सॉफ्टवेअरची मागणी होते. माझ्या मते बऱ्याचदा चूक त्याच्या आधीच, दिव्यापाशी झालेली असते. भिंगात जो उजेड शिरलाच नाही, त्यातली माहिती नंतर कोणताही प्रोग्राम परत आणू शकत नाही.

साध्या डिजिटल छायाचित्रात प्रत्येक बिंदूचा उजळपणा 0 ते 255 या आकड्यांत नोंदवला जातो. समोरच्या गाडीचा हेडलाइट थेट कॅमेऱ्यात घुसला, की प्लेटचे बिंदू 255 वर जाऊन अडकतात. अक्षर आणि त्यामागची पाटी यांचा आकडा एकच होतो. प्रोग्रामरकडे अशा वेळी हत्यारे असतात. काळे-पांढरे वेगळे करणारा उंबरठा चित्रातूनच शोधण्याची नोबुयुकी ओत्सू यांची 1979 मधली पद्धत आजही वापरात आहे. अर्धी प्लेट उन्हात, अर्धी सावलीत असेल तर भागाभागाचा वेगळा उंबरठा काढतात. पण ही सगळी हत्यारे असलेला फरक ठळक करतात. फरकच उरला नसेल तर ती काय करणार? शिवाय वेगाचा प्रश्न आहे. ताशी 80 किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला सुमारे 22 मीटर जाते. शटर सेकंदाचा तिसावा भाग उघडे राहिले तर तेवढ्यात ती 70 सेंटिमीटरहून पुढे सरकते आणि आकडे फासले जातात. शटर हजाराव्या भागावर आणले तर सरकणे दोनेक सेंटिमीटरवर येते, पण उजेडही तीस पटींहून अधिक घटतो. ही तूट दिव्यानेच भरावी लागते. म्हणून प्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्याला चालकाचे डोळे न दिपवणारा इन्फ्रारेड दिवा जोडतात, आणि 1 एप्रिल 2019 पासून नव्या वाहनांना सक्तीच्या झालेल्या उच्च सुरक्षा प्लेटचा पृष्ठभाग आलेला उजेड आल्या दिशेनेच परत पाठवतो. उपाय ठाऊक आहे. खरेदीची चर्चा मात्र मेगापिक्सेलवरच अडते.

यावर कोणी म्हणेल, आजचा फोन अंधारातही लख्ख फोटो काढतो. काढतो, पण त्यासाठी तो एकापाठोपाठ अनेक चित्रे टिपून ती एकत्र करतो; स्थिर माणसाला ते चालते, धावत्या ट्रकला नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अंधुक चित्रांवर शिकवलेली कृत्रिम बुद्धिमत्ता धूसर प्लेटही वाचते. वाचते, म्हणजे अंदाज बांधते. 2020 मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या ‘पल्स’ या प्रणालीला बराक ओबामांचे धूसर छायाचित्र दिले असता तिने एका गोऱ्या माणसाचा चेहरा काढून दाखवला. अल्बमसाठी असा अंदाज चालेल, दंडाचा पुरावा म्हणून तो चालू नये.

राहिला खर्च. अंगणवाडीत स्टुडिओचे दिवे कोणी मागत नाही. आहार घ्यायला आलेल्या बाईची पाठ खिडकीकडे असली, तर कॅमेरा सगळ्या दृश्याची सरासरी धरतो आणि चेहरा काळवंडतो. तिला खिडकीकडे तोंड करून बसवायला पैसा लागत नाही. सावळा चेहरा मुळातच कमी उजेड परतवतो, त्यामुळे त्याचे बारकावे आधी बुडतात. 2018 मधल्या ‘जेंडर शेड्स’ या अभ्यासात चेहऱ्यावरून लिंग ओळखताना सावळ्या स्त्रियांबाबत चुकांचे प्रमाण 34.7 टक्क्यांपर्यंत गेले, गोऱ्या पुरुषांबाबत ते फार तर 0.8 टक्के होते. शिकवणीसाठी वापरलेल्या चित्रांतला पक्षपात हे त्याचे मोठे कारण मानले जाते हे खरे. पण जिथे यंत्र आधीच डळमळीत आहे, तिथे वाईट उजेडाची भर कशाला?

तेव्हा निविदेत दिव्याची अट लिहा आणि यंत्रणेची चाचणी जुलैच्या पावसात, मध्यरात्री घ्या. फोटो काळवंडला असेल तर पडद्यावर ‘चेहरा जुळत नाही’ असे नव्हे, ‘उजेड कमी आहे, पुन्हा फोटो घ्या’ असे उमटले पाहिजे. आणि तोवर त्या बाईचा आहार अडवू नका.