वणवा आणि बारीपाड्याचे रान

सुरतेतील लिंबायतच्या यंत्रमागांवरून होळीसाठी खानदेशात परतणाऱ्या आमच्या असंख्य वाचकांना, नवापूर मागे पडून गाडी कोंडाईबारीचा घाट चढू लागली म्हणजे, रात्रीच्या काळोखात डोंगराच्या अंगावरून सरकणारी विस्तवाची वाकडी रेघ पुष्कळदा दिसते. आणि बालपणापासून पाहिलेली असल्यामुळे ती त्यांना ऋतुचक्राचाच एक भाग वाटते. हा समज आम्हांला घातक वाटतो. आपल्याकडचा वणवा बहुतेक वेळा माणसाच्या हातूनच लागतो. सागाची पाने गळून रानात वाळल्या पाचोळ्याचा थर साचलेला असतो, मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले टपकू लागतात, ती वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवून दिला जातो, आणि वारा फिरताच ती आग घाणेरीच्या झुडपांत शिरून टेकडीमागून टेकडी काळी करीत जाते. मोठे वृक्ष बहुधा तगतात. जळतात ती नुकती उगवलेली रोपे, जमिनीवरच्या घरट्यांतील अंडी आणि पहिला पाऊस शोषून घेणारा कुजलेल्या पाल्याचा थर. मग उघडी पडलेली माती ओढ्यांवाटे तापीत उतरते, आणि त्याच तापीचे पाणी हे सुरत शहर पिते.

सरकारदरबारी या दुखण्यावर एकच औषध ठरलेले होते, ते म्हणजे मनाई. इंग्रजांनी १८४२ साली डांगचे जंगल भिल्ल राजांकडून पट्ट्याने घेतले, पुढे त्याचा मोठा भाग राखीव झाला, आणि १९२७ च्या वन कायद्याच्या २६ व्या कलमाने राखीव जंगलात आग लावणे हा अपराध ठरला. मनाई गैर होती असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या रयतेचा जंगलावरील हक्क काढून घेतला, तिने तिथला वणवा विझवायला जिवावर उदार होऊन का धावावे, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही फर्मानात नव्हते.

ते उत्तर साक्री तालुक्यात, पिंपळनेरपलीकडच्या बारीपाड्याने दिले. १९९० नंतरच्या काळात, उघड्या डोंगरांनी आणि आटलेल्या विहिरींनी त्रस्त झालेल्या या लहानशा कोकणा आदिवासी वस्तीने, एम. कॉम. होऊनही नोकरीमागे न जाता गावीच राहिलेल्या चैत्राम पवारांच्या पुढाकाराने, स्वतःच कुऱ्हाडबंदी व चराईबंदी केली, दंड ठरवले, राखणदार नेमले. जुन्या बुंध्यांना फुटवे आले, रान सुमारे ११०० एकरांवर दाटले, विहिरींना पाणी टिकले. एकाच जातीच्या रोपांच्या रांगा लावून असे रान उभे राहत नाही. पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा लिंबायतमध्येही अनेकांचा ऊर भरून आला असेल. तिकडे चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर, नवी पालवी यावी म्हणून रान पेटवण्यास निमित्त होणारी तेंदूपाने तोडणेच बंद केले. हाती येणारा पैसा गावाने आपखुशीने सोडला, हे आम्हांला विशेष वाटते.

म्हणून आमची मागणी अशी की, महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांच्या वनखात्यांनी आग अडवणाऱ्या मोकळ्या पट्ट्या, म्हणजे जाळरेषा, साफ करणे, घाणेरी मुळासकट उपटणे आणि मोहाखाली पाला पेटवण्याऐवजी अंथरण्यास जाळी पुरवणे या कामांची तरतूद ग्रामसभांच्या हाती, आणि तीही थंडीतच, सोपवावी. १५ फेब्रुवारीला वणव्याचा हंगाम सुरू झाल्यावर मंजूर झालेला मेहनताना राखेच्याच कामी येतो. यंदा होळीला गावी जाणाऱ्या वाचकांनी आपल्या ग्रामसभेत एवढे अवश्य विचारावे: आपल्या शिवाराची जाळरेषा काढली का, आणि काढणाऱ्यांची मजुरी चुकती झाली का?