पहाटे पाचचं पुणं
रविवारी पहाटे पाचला डेक्कनवरून निघायचं. जंगली महाराज रोड, शनिवारवाडा, लक्ष्मी रोड, सारसबाग आणि दम उरलाच तर पर्वतीच्या 103 पायऱ्या. एरवी मुंगीच्या पावलानं सरकणारा लक्ष्मी रोड तेव्हा अख्खा आपला! पण खरं सांगू? दिवे बंद असलेला पट्टा आला की माझे इयरफोन आधी खिशात जातात. 'एकटी नको गं पळूस,' आई म्हणते. माझ्या मित्राला हे कुणीच सांगत नाही. मला धीर येतो तो झाडणाऱ्या मावशींचा, चौकात पुरवण्या भरत बसलेल्या पेपरवाल्या काकांचा. मॅरेथॉनसाठी रस्ते बंद ठेवता ना? मग इतर रविवारी निदान खांबावरचे दिवे तरी चालू ठेवा की!