शिंकांची गोळी आणि डोळ्यांवरची झापड

सर्दी, खाज, अंगावर उठणारे पित्त, गाडी लागणे... एका इवल्याशा गोळीची कामे अनेक. पण ती घेतल्यावर येणारी गुंगी ही आराम पडल्याची खूण नव्हे. लहान मुले, वृद्ध आणि वाहन चालवणाऱ्यांनी तर तिच्यापासून विशेष सावध राहायला हवे.

प्रत्येक घरात औषधांचा एक डबा असतो. त्यात तापाच्या गोळ्या, बाम, खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली आणि शिंकांवरच्या गोळ्यांची एक अर्धवट वापरलेली पट्टी हमखास सापडते. कुणाला शिंका आल्या, अंगाला खाज सुटली, मधमाशी चावली की त्या पट्टीतली एक गोळी काढून दिली जाते. थोड्या वेळाने डोळे जड होतात, माणूस झोपतो आणि घरातले म्हणतात, ‘‘चला, औषध लागू पडले.’’

या गोळ्या म्हणजे हिस्टामिनविरोधी औषधे. क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, प्रोमेथाझिन, डायफेनहायड्रामिन, हायड्रॉक्सिझिन, सायप्रोहेप्टाडिन ही त्यांच्यातली जुनी मंडळी. ‘एव्हिल’ या नावाने घरोघरी माहीत असलेली गोळी म्हणजे फेनिरामिन. सर्दीखोकल्याच्या कित्येक मिश्र गोळ्यांत आणि सिरपांत क्लोरफेनिरामिन असते. ही औषधे स्वस्त आहेत, गुणकारीही आहेत. मात्र ती निरुपद्रवी आहेत ही समजूत चुकीची आहे.

औषध काम कसे करते?

आपल्या त्वचेत, नाकात, श्वासनलिकांत आणि आतड्यांत विशिष्ट पेशी असतात. धूळ, परागकण, एखादा खाद्यपदार्थ किंवा कीटकाचे विष शरीराला मानवले नाही की या पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतात. त्याने बारीक रक्तवाहिन्या पसरतात आणि त्यांतून द्रव पाझरू लागतो. मग नाक गळते, शिंका येतात, डोळे चुरचुरतात, अंगावर लाल गांध्या उठतात. हिस्टामिन ज्या जागी चिकटून हे काम करते, ती जागा ही औषधे अडवून धरतात.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये डॅनिएल बोवे यांनी अ‍ॅन-मरी स्टॉब यांच्यासोबत १९३७ मध्ये असे पहिले द्रव्य शोधले. ते स्वतः फार विषारी असल्याने रुग्णांना देता आले नाही, पण त्यातून पुढची औषधे निघाली. बोवे यांना १९५७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आता झोपेचा संबंध कुठे येतो? हिस्टामिन मेंदूतही असते आणि तिथे त्याचे काम असते आपल्याला जागे व तरतरीत ठेवण्याचे. जुनी हिस्टामिनविरोधी औषधे रक्तातून सहज मेंदूत शिरतात आणि तिथलेही हिस्टामिन अडवतात. म्हणून गुंगी येते. म्हणजेच खाज थांबणे आणि झोप येणे या एकाच औषधाच्या दोन वेगवेगळ्या करामती आहेत. झोप आली म्हणून दुखणे बरे झाले असे होत नाही.

उपयोग कोणते?

परागकण किंवा धुळीने येणाऱ्या शिंका, डोळ्यांची खाज, अंगावर उठणारे पित्त, कीटकदंशाची खाज यांवर ही औषधे चांगली लागू पडतात. प्रवासात ज्यांना गाडी लागते, त्यांना प्रोमेथाझिनसारखी गोळी निघण्याआधी अर्धा ते एक तास घेतल्यास फायदा होतो. उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी मात्र बहुधा वाया जाते. गरोदरपणातल्या मळमळीवर डॉक्सिलामिन आणि ‘ब६’ जीवनसत्त्व यांची जोडगोळी डॉक्टर देतात.

साध्या सर्दीपडशाची गोष्ट वेगळी. ते विषाणूंमुळे होते. या गोळीने नाक थोडे कोरडे पडते इतकेच. सर्दी तिने एक दिवसही लवकर बरी होत नाही. उलट कफ घट्ट होऊन छातीत चिकटून बसण्याचा संभव असतो.

झोप येत नाही म्हणून रोज रात्री ही गोळी घेणारेही काही जण असतात. शरीराला तिच्या गुंगीची सवय चारपाच दिवसांतच होऊ लागते. मग माणूस एकाऐवजी दोन गोळ्यांवर जातो. निद्रानाशाचे मूळ कारण तसेच राहते आणि दुष्परिणाम तेवढे पदरात पडतात.

तोंडाला कोरड, लघवीला अडथळा

गुंगी हा सर्वांना ठाऊक असलेला दुष्परिणाम. पण ही जुनी औषधे शरीरातल्या आणखी एका यंत्रणेत ढवळाढवळ करतात. लाळ, आतड्यांची हालचाल, मूत्राशयाचे आकुंचन, डोळ्यांच्या बाहुल्या यांचे नियंत्रण करणारे संदेश ती मंदावतात. त्यामुळे तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठता होते, जवळचे अंधूक दिसते, छातीत धडधडते, लघवी साफ होत नाही.

तरुण, निरोगी माणसाला याचा फारसा त्रास होत नाही. परंतु प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या आजोबांनी सर्दीसाठी दोन दिवस गोळ्या घेतल्या आणि तिसऱ्या दिवशी लघवी पूर्ण अडून नळी घालावी लागली, असे घडू शकते. काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यांतला दाब एकाएकी वाढून दृष्टीलाच धोका पोहोचतो.

वृद्धांच्या बाबतीत आणखीही धोका आहे. त्यांच्या शरीरातून औषध सावकाश बाहेर पडते. रात्री घेतलेल्या गोळीची ग्लानी सकाळीही असते. बाथरूमला जाताना तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. कधी आजी अचानक असंबद्ध बोलू लागतात, माणसे ओळखत नाहीत. घरच्यांना वाटते, वयामुळे भ्रम झाला. खरे कारण औषधांच्या डब्यात असू शकते. म्हणूनच ६५ वर्षांवरील व्यक्तींनी शक्यतो टाळावीत अशा औषधांच्या यादीत अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांच्या संस्थेने ही जुनी हिस्टामिनविरोधी औषधे घातली आहेत.

‘मला काही झोप येत नाही’

‘‘मला या गोळीने काही होत नाही, मी आरामात गाडी चालवतो,’’ असे छातीठोकपणे सांगणारे अनेक असतात. त्यांनी एक प्रयोग जरूर समजून घ्यावा. तो अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात झाला आणि २००० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेतल्या कृत्रिम मोटारीत बसवून ४० जणांची चाचणी घेण्यात आली. वेगवेगळ्या वेळी त्यांना ५० मिलिग्रॅम डायफेनहायड्रामिन, झोप न आणणारे फेक्सोफेनाडिन, मद्य किंवा औषध नसलेली गोळी देण्यात आली. डायफेनहायड्रामिन घेतल्यावर त्यांचे गाडी चालवणे मद्य घेतल्यावरच्यापेक्षाही वाईट ठरले. फेक्सोफेनाडिन घेतल्यावर तसे झाले नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. कुणाला किती झोप आल्यासारखे वाटते, यावरून त्याचे गाडी चालवणे किती बिघडेल हे सांगता येत नव्हते. म्हणजे डोळ्यांवर झापड नसली, तरी हातपाय आणि लक्ष मंदावलेले असू शकते आणि ते स्वतःला कळत नाही!

आपल्याकडे दवाखान्यात पित्तावरचे इंजेक्शन घेऊन लगेच स्कूटरला किक मारणारे रुग्ण कमी नाहीत. इंजेक्शन घेतल्यावर निदान त्या दिवशी तरी वाहन दुसऱ्याच्या हाती द्यावे. क्लोरफेनिरामिनचा गुण चारसहा तास टिकतो, पण प्रौढ व्यक्तीच्या रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे २० तास लागू शकतात. म्हणून रात्री गोळी घेतली तरी दुसऱ्या सकाळी सावध असावे. कारखान्यातली यंत्रे, उंचावरचे काम, एवढेच नव्हे तर पेटलेल्या शेगडीवरची तळणी यांनाही हाच नियम लागू आहे.

मद्य, झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्या, काही वेदनाशामके, फिट्सवरची औषधे यांच्यासोबत ही गोळी घेतल्यास गुंगी कितीतरी पटींनी वाढते. श्वासही मंदावू शकतो.

बाळाला झोपवण्यासाठी औषध नको

सर्वांत जास्त काळजी घ्यायची ती लहान मुलांच्या बाबतीत. बाळ सर्दीने किरकिरत असते, रात्रभर कुणाला झोप नसते. अशा वेळी खोकल्याच्या सिरपचा एक चमचा पाजला की बाळ शांत झोपते. लांबच्या रेल्वेप्रवासात मूल त्रास देऊ नये म्हणून सिरप पाजणारेही पालक असतात. पण शांत झोपलेले बाळ बरे झालेले नसते, त्याच्या मेंदूला गुंगी आलेली असते. तान्ह्या मुलांत ही गुंगी श्वासापर्यंत पोहोचू शकते. प्रोमेथाझिन दिलेल्या दोन वर्षांखालील मुलांचा श्वास मंदावून मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. या वयात ते देऊ नये, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ मध्ये बजावले.

काही मुलांवर तर उलटाच परिणाम होतो. झोपण्याऐवजी ती चिडचिडी होतात, हातपाय झाडतात, रात्रभर जागतात. आईला वाटते औषध कमी पडले आणि ती आणखी एक चमचा देते. इथेच घात होतो.

भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये आदेश काढला की क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण असलेले सर्दीचे औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, आणि तशी सूचना बाटलीवर छापावी. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे सिरप प्यायलेल्या लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊन अनेक बालके दगावली. तिथे दोष हिस्टामिनविरोधी औषधाचा नव्हता, सिरपात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. पण त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जे सांगितले ते प्रत्येक आईवडिलांनी ध्यानात ठेवावे: दोन वर्षांखालील मुलांना सर्दीखोकल्याची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत.

मग करायचे काय? लहान मुलांची बहुतेक सर्दी आपोआप बरी होते. नाकात मीठपाण्याचे थेंब घालून नाक मोकळे करावे, अंगावरचे दूध किंवा कोमट पेये थोडीथोडी पण वारंवार द्यावीत. वर्षाच्या पुढच्या मुलाला चमचाभर मध चालतो, त्याआधी मध देऊ नये. मूल धापा टाकत असेल, दूध ओढत नसेल, बरगड्या आत जात असतील तर सिरपच्या नादी न लागता थेट रुग्णालय गाठावे.

कांजिण्यांची खाज कमी व्हावी म्हणून डायफेनहायड्रामिन असलेले लोशन मुलाच्या अंगभर फासणे आणि वर तेच औषध तोंडानेही देणे हेही धोक्याचे आहे. फुटलेल्या फोडांतून औषध शरीरात शिरते आणि मात्रा नकळत दुप्पट होते.

जिवावर बेतते तेव्हा

मधमाश्या चावल्यावर, शेंगदाणे किंवा कोळंबी खाल्ल्यावर अथवा एखाद्या इंजेक्शननंतर काही जणांना तीव्र प्रतिक्रिया येते. ओठ व जीभ सुजते, आवाज घोगरा होतो, श्वास लागतो, चक्कर येऊन नाडी मंद लागते. अशा वेळी घरातली गोळी देऊन वाट पाहत बसणे म्हणजे मोलाची मिनिटे गमावणे. ही गोळी खाज थांबवेल, पण बंद होत चाललेली श्वासनलिका ती उघडू शकत नाही, उतरलेला रक्तदाबही वर आणू शकत नाही. त्यावरचा पहिला उपाय म्हणजे मांडीत दिलेले अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन. रुग्णाला आडवे निजवून ताबडतोब रुग्णालयात न्यावे. दम लागला असेल तर टेकून बसू द्यावे.

नव्या गोळ्या कशा?

सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन ही नंतरची औषधे मेंदूत फार कमी शिरतात. ॲलर्जीच्या शिंका किंवा पित्तासाठी आज डॉक्टर त्यांनाच पहिली पसंती देतात. तरीही सेटिरिझिनने काहींना सुस्ती येते. पहिली गोळी रात्री घेऊन पाहावी. फेक्सोफेनाडिन पाण्यासोबतच घ्यावे. संत्रे किंवा सफरचंदाच्या रसासोबत घेतल्यास ते नीट शोषले जात नाही. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना मात्रा कमी लागते, म्हणून नवी गोळीही विचारूनच घ्यावी.

आपल्या देशातल्या औषध नियमांच्या परिशिष्ट ‘जी’मध्ये जुनी हिस्टामिनविरोधी औषधे आहेत. वैद्यकीय देखरेखीशिवाय हे औषध घेणे धोकादायक आहे, असा इशारा अशा औषधांच्या वेष्टनावर छापावा लागतो. तो इतक्या बारीक अक्षरांत असतो की वाचायला चष्मा शोधावा लागतो. पण तो शोधलेला बरा.

हे लक्षात ठेवा

• सर्दीच्या दोन वेगवेगळ्या गोळ्या किंवा सिरपे एकत्र घेऊ नका. दोन्हींत हेच औषध असू शकते.

• काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, दमा, फिट्स, यकृताचा विकार असल्यास किंवा गरोदर असल्यास डॉक्टरांना आधी सांगा. अंगावर पिणारे बाळ असेल तर तेही सांगा, आईच्या औषधाने बाळालाही सुस्ती येऊ शकते.

• सिरप घरातल्या चमच्याने मोजू नका. बाटलीसोबतचे मापच वापरा.

• ॲलर्जीची त्वचाचाचणी करायची असेल तर गोळी किती दिवस आधी बंद करायची ते विचारा.

• भूक वाढावी, वजन भरावे म्हणून सायप्रोहेप्टाडिन स्वतःहून सुरू करू नका. मुलांना तर नकोच.

• औषधांचा डबा कुलपात किंवा उंच जागी ठेवा. मुलाने गोळ्या गिळल्या आणि चेहरा लाल, बाहुल्या मोठ्या, अंग गरम, बडबड किंवा झटके अशी लक्षणे दिसली तर उलटी करवू नका. पट्टी सोबत घेऊन लगेच रुग्णालयात जा. लक्षणे नसली तरी वाट पाहू नका.