डाग दिसला म्हणून कापायचं?

माझ्या खालाचा चेहरा दोन वर्षांत गोल झाला, पोट सुटलं आणि हातपाय मात्र वाळत गेले. मोहल्ल्यात कुणी नजर लागली म्हणालं, शिकलेल्यांनी 'भात कमी करा' सांगितलं. पोटावरचे जांभळे पट्टे तिनं पर्द्यापायी डॉक्टरांनाही दाखवले नव्हते. आजाराचं नाव कुशिंग, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल वाढणं. बहुतेकदा हे स्टेरॉइडच्या औषधांनी होतं. सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांतही ते असू शकतं. खाला तसलं काही घेत नव्हती.

रक्तात एसीटीएच हे हॉर्मोन जास्त निघालं. एमआरआयमध्ये मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीत 4 मिलिमीटरचा डाग दिसला. एका डॉक्टरांनी लगेच नाकातून ऑपरेशन करायची तारीख दिली. दुसऱ्यांनी थांबवलं, आणि माझ्या मते तेच बरोबर होतं. असा डाग धडधाकट माणसांतही साधारण दहांतल्या एकाला सापडतो. उलट खरी गाठ इतकी बारीक असू शकते की एमआरआयला दिसतच नाही. गाठ 10 मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असेल तर पुढची तपासणी सहसा लागत नाही, पण लहान डागावर भरवसा ठेवून डोक्यात हात घालायचा कसा?

तपासणी अशी: जांघेतल्या दोन्ही शिरांतून बारीक नळ्या वर नेतात, कवटीच्या तळाशी जिथे पिट्युटरीचं रक्त उतरतं तिथपर्यंत. दोन्ही बाजूंचं आणि हाताच्या शिरेतलं रक्त एकाच वेळी घेतात. मग डेस्मोप्रेसिनसारखं इंजेक्शन देऊन पुन्हा घेतात. नमुने लगेच बर्फात. वरच्या रक्तात एसीटीएच हातातल्यापेक्षा आधी दुप्पट किंवा इंजेक्शननंतर तिप्पट निघालं, तर दोष पिट्युटरीचा. अमेरिकेच्या एनआयएचमधल्या एडवर्ड ओल्डफिल्ड आणि सहकाऱ्यांनी 1991 साली हे आकडे मांडले. गाठ डावीकडे की उजवीकडे, हे मात्र त्यातून खात्रीनं कळत नाही. पक्षाघातासारखा धोका क्वचित असतो, म्हणून सराव असलेल्या ठिकाणीच करावी.

खालाचा आकडा इंजेक्शननंतरही दीडच्या वर गेला नाही. पिट्युटरी निर्दोष होती. पुढे फुप्फुसात छोटी गाठ सापडली.

पण त्या टेबलावर जायला ती आठ दिवस तयार नव्हती. जांघेत सुई, समोर पुरुष डॉक्टर. शेवटी एका सिस्टरनं चादरी नीट लावून देते म्हटलं, तेव्हा ऐकलं. इलाजासाठी जरुरीपुरती मुभा दीनमध्ये आहे. हे बायकांना घरात कुणी सांगत नाही. जुम्म्याच्या बयानात मौलानांनी सांगावं. आणि हॉस्पिटलांनीही चादर मागावी लागेल अशी वेळ आणू नये.